ओटीच्या साडीचा रंग

"सवाष्णीच्या ओटीत पांढरं कापड पडू द्यायचं न्हाई, तुळजे. ध्यानात ठिव."

सासूबाईंना जाऊन बारा वर्षं झाली, पण त्यांचं हे सांगणं तुळजाबाईंच्या कानात अजून जसंच्या तसं होतं. तशा सासूबाईंनी सांगितलेल्या कितीतरी गोष्टी त्या पाळत. पहाटे अंघोळ, तुळशीपुढे दिवा, महादेवाला बेल आणि रोजचा एक अध्याय वाचल्याशिवाय तोंडात पाणी नाही. लातुरात घर बांधून राहायला आल्यावरही यातलं काही सुटलं नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, व्रत कसं करावं ते तुळजाबाईंकडून शिकावं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

त्या आठवड्यात घरात गडबड होती. सून दीपमाला हिला सातवा महिना लागला होता आणि शुक्रवारी डोहाळजेवण ठरलं होतं. तुळजाबाईंचे यजमान निलंग्याकडे शेतावर गेले होते, ते शुक्रवारीच परतणार होते. मदतीला धाकटी जाऊ उमादेवी आली होती. बुधवारी दुपारी दोघी जावा पुरणाची डाळ निवडत बसल्या होत्या, तेवढ्यात तुळजाबाईंच्या मोबाइलवर फोटो आला.

फोटो मुखेडहून आला होता, दीपमालाच्या आईकडून, रुक्मिणबाईंकडून. रुक्मिणबाई अंगणवाडीत सेविका. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. एकटीनं लेकीला शिकवलं, एकटीनं लग्न लावून दिलं. दोन्हीकडच्या नातेवाइकांचा 'दोन्ही घरं' नावाचा ग्रुप होता, त्यावर त्यांनी फोटो टाकला होता. खाटेवर घडी घातलेली एक साडी, वर जरीचा काठ, कोपऱ्यात उन्हाचा झगझगीत पट्टा. बस, एवढंच. खाली लिहिलं होतं : 'दीपूच्या ओटीसाठी घेतली. नांदेडला जाऊन आणली. ताई, पसंत आहे का?'

तुळजाबाईंचा हात डाळीतच थांबला.

"उमा, हे बघ गं. कसली साडी वाटती तुला?"

उमादेवीनं चष्मा कपाळावरून खाली ओढला. "अगं बया! पांढरी! सोनेरी काठाची पांढरी. अक्का, ह्या बाईनं सोताच्या साडीची घडी तर उचलून न्हाई ना दिली?"

"मला बी पांढरीच दिसती," तुळजाबाई हळूच म्हणाल्या.

जेवायला घरी आलेला आदिनाथ, तुळजाबाईंचा मुलगा, हात धुता धुता डोकावला. "कुठं पांढरी हाय? चांगली हिरवी हाय की. फिकी हिरवी."

"बायकोच्या माहेरची हाय ना बाबा," उमादेवी म्हणाली. "तुला तिथला कोळसा बी हिरवा दिसल."

"काकू, चष्म्याचा नंबर बदलून घ्या. मोंढ्यातली आंधळी म्हैस बी हिरवी म्हणल हिला."

"बघा! मला म्हैस म्हणला!"

आतून दीपमाला आली. तिनं फोटो पाहिला आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "पिस्ता हाय. माझा लहानपणापासूनचा आवडता रंग. मायच्या ध्यानात हाय बघा, आत्या. हिरव्यातलीच घेतली, पण मला पटल अशी."

तुळजाबाईंना वाटलं, लेक आईची बाजू सावरते आहे. त्यात नवल ते काय? पण आपल्या डोळ्यांना दिसतंय ते कसं नाकारायचं? आणि त्यांच्याजवळ कारणही होतं. रुक्मिणबाईंच्या अंगणावर उन्हासाठी हिरवी जाळी ताणलेली होती. साखरपुड्याच्या वेळी सगळे त्याच जाळीखाली बसले होते आणि सगळ्यांची तोंडं हिरवट दिसत होती.

"हिरवेपणा हाय तो जाळीचा," त्या ठामपणे म्हणाल्या. "साडी पांढरीच."

"आत्या, मायला फोन लावून विचारू का?"

"काय विचारणार? ती काय पांढरी म्हणून सांगल?"

हे बोलणं दीपमालाच्या जिव्हारी लागलं. ती आत गेली. आदिनाथ म्हणाला, "आई, एवढ्याशा फोटोवरून..." पण उमादेवीनं त्याला पुढं बोलू दिलं नाही. "सवाष्णीच्या ओटीचा सवाल हाय. बाप्यांनी यात पडू नये."

तुळजाबाईंनी मोबाइल तोंडाजवळ धरला आणि त्याच ग्रुपवर, बत्तीस माणसांच्या देखत, आपला आवाज पाठवला. आवाज चढा नव्हता. त्यांचा आवाज कधीच चढा नसे.

"इहीणबाई, सवाष्णीला पांढरं द्यायची रीत आमच्यात न्हाई. साडी तिथंच ठिवा. अन् शुक्रवारी ओटी भरायला दीपमालाच्या चुलतीला पाठवा. तुम्ही मागून सवडीनं या."

दहा मिनिटांनी उत्तर आलं. 'बरं ताई.' दोनच शब्द. त्याच्याखाली एक बारीक ओळ उमटली, की रुक्मिणबाई ग्रुपमधून बाहेर पडल्या.

वाचकहो, आपल्यापैकी कितीजणांच्या घरी अशी बारीक ओळ उमटलेली आहे! पूर्वी नातं तुटायचं म्हणजे चार माणसं बसायची, वाद व्हायचे, कुणीतरी मध्ये पडायचं. आता अंगठा उचलायचाही वेळ लागत नाही.

आदिनाथ ऑफिसला निघून गेला. दीपमालानं वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं आणि ती सासूसमोर येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी नव्हतं.

"मग माझी बी ओटी राहू द्या, आत्या."

"अगं, असं बोलू न्हाई. पोटातलं लेकरू ऐकत असतंय."

"तेच तर," दीपमाला म्हणाली, आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली.

तुळजाबाई डाळ निवडत राहिल्या. डाळीत खडा होता की नव्हता, त्यांना दिसत नव्हतं. सात महिन्यांची पोटुशी पोर उपाशी निजली होती. शुक्रवारी गल्लीतल्या बायका येणार, आणि जिची ओटी भरायची तीच पाटावर बसायला तयार नव्हती.

पाचच्या सुमारास दारात हाक आली. "तुळजाक्का, बेल आणलाव."

महादेवप्पा शेजारच्याच घरात राहत. अंगणात बेलाचं झाड होतं, त्याची पानं रोज तुळजाबाईंच्या पूजेसाठी आणून देण्याचा त्यांचा नेम. आयुष्याची अडतीस वर्षं त्यांनी गंजगोलाईच्या बाजारातल्या एका कापड दुकानात साड्या उलगडण्यात घालवली होती. कुणाला कुठला रंग खुलेल, हे ते माणूस पायरी चढत असतानाच ओळखत, अशी त्यांची ख्याती.

बेल घेताना तुळजाबाईंचा चेहरा त्यांनी पाहिला. "का ओ? घरात एवढं शांत?"

"अप्पा, बरं झालं तुम्ही आलात," उमादेवी पुढं झाली. "तुम्ही रंगातले जाणकार. सांगा एकदाचं, ही साडी पांढरी हाय का न्हाई!"

महादेवप्पांनी मोबाइल हातात घेतला. जवळ धरला, लांब धरला, मग खाली ठेवून दिला.

"सांगत न्हाई."

"म्हंजे?"

"फोटोवरून साडीचा रंग मी सांगत न्हाई. अडतीस वर्सं कापडात हात घातला, म्हणूनच सांगत न्हाई. दुकानात ट्यूबलाइटखाली पसंत केलेली साडी बाया उंबऱ्यावर घेऊन जातेत का न्हाई? उन्हात धरून बघतेत. मालक कुरकुरायचे. मी मात्र सोता उठून न्यायचो. कापडाचा रंग एकट्या कापडात नसतोय, तुळजाक्का. निम्मा उजेडात असतोय."

"पण मला पांढरी दिसती त्याचं काय?" तुळजाबाईंनी विचारलं. "मी काय खोटं बोलते?"

"न्हाई."

"मग सूनबाई खोटं बोलती?"

"ती बी न्हाई."

"अय्या!" उमादेवी म्हणाली. "साडी एक, अन् दोघी खऱ्या? असं कुठं असतंय का?"

महादेवप्पा हसले. "दीपमाला, बाळ, बाहेर ये जरा. एक कोरा कागद बी आण."

दीपमाला आली. पोटावर एक हात ठेवून, दाराला टेकून उभी राहिली. महादेवप्पांनी कागदाच्या मधोमध आगकाडीनं वाटाण्याएवढं भोक पाडलं आणि मोबाइलवर तो असा धरला, की त्या भोकातून साडीचा फक्त एक ठिपका दिसावा. बाकी सगळं झाकलेलं.

"आता सांगा. एकेक जण. तुळजाक्का, कोणता रंग?"

तुळजाबाईंनी वाकून पाहिलं. "राखेसारखा. जराशी हिरवी झाक असलेली राख."

"उमादेवी?"

"राखुंडी. थोडी हिरवट."

"दीपमाला?"

ती पुढं आली, पाहिलं. "हिरवट राखाडी, अप्पा."

तिघींनी एकमेकींकडं पाहिलं. दुपारपासून पहिल्यांदाच तिघी एक बोलल्या होत्या!

महादेवप्पांनी कागद बाजूला काढला. "आता?"

"पांढरी!" तुळजाबाई म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. आत्ताच तर त्यांनी राखाडी म्हटलं होतं.

"पिस्ता," दीपमाला म्हणाली.

"हे बगा. ठिपका तोच. फोनमधी रंग तोच. डोळ्यांत शिरला तो बी तोच. फरक पडला तो पुढं." महादेवप्पा पायरीवर नीट बसले. "मला बी हे आधी ठाऊक नव्हतं. फोनवर साड्या मागवायचं सुरू झालं, अन् दुकानात भांडणं यायला लागली. बाई म्हणायची, मी फोटोत जांभळी बघितली, तुम्ही निळी पाठवली. तवा मालकाच्या नातीनं समजावलं. ती डोळ्यांच्या दवाखान्याचं शिकती. ती म्हणाली, अप्पा, वाटीत दूध घ्या. दुपारी अंगणात ठिवा, पांढरं. तिन्हीसांजेला देवघरातल्या समईपाशी ठिवा, तरी तुम्ही त्याला पांढरंच म्हणता. खरं तर समईच्या उजेडात ते पिवळं झालेलं असतंय. पण तुमचं मन उजेडाचा पिवळेपणा आपोआप वजा करतंय. तुम्हाला पत्ता बी लागू देत न्हाई."

तुळजाबाईंनी मान हलवली. समईजवळची नैवेद्याची वाटी त्यांनी रोज पाहिली होती. दूध कधी पिवळं वाटलं नव्हतं.

"आता फोटोचं. फोटोत उजेड कुठला हाय हे धड दिसत नसलं, की मन अंदाज बांधतंय. तुमच्या मनानं धरलं, की हा जाळीखालचा हिरवा उजेड. मग त्यानं हिरवं वजा केलं. उरली पांढरी साडी. दीपमालाच्या मनानं धरलं, साधा दिवसाचा उजेड. वजा करायचं काही न्हाईच. हिरवी ती हिरवीच राहिली."

"पण आता तर मला समजलं सगळं," तुळजाबाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा मोबाइल उचलला, डोळे बारीक केले, मोठे केले. "समजलं तरी पांढरीच दिसती, अप्पा!"

"दिसणारच. ते तुमच्या हातात न्हाई. दिसलं त्याच्यापुढं काय बोलायचं, ते मात्र तुमच्या हातात होतं." एवढं बोलून ते थांबले. त्यांनी ग्रुपवरचा तो आवाज ऐकला नव्हता, पण तुळजाबाईंची मान खाली गेली, त्यावरून त्यांना काय ते कळलं असावं.

"मग आता फोन करून विचारू या," उमादेवी म्हणाली. "व्हिडिओ लावा. उन्हात धरा म्हणावं साडी. हिरवी निघाली तर मिटलं. बोलवा इहीणबाईला. आपल्याला काय हौस हाय?"

"अन् पांढरी निघाली तर, काकू?"

दीपमालाचा आवाज इतका हलका होता, की क्षणभर कुणाला कळलंच नाही ती काय म्हणाली.

"हिरवी निघाली तर माझी माय चांगली. पांढरी निघाली तर वाईट. असंच ना?" ती तुळजाबाईंकडं वळली. "आत्या, रागावू नका. पण ओटी भरायला चुलतीला बोलवायचं, हे तुम्ही साडीचा फोटो यायच्या आधीच ठरवलं होतं. सोमवारी काकूंना सांगताना ऐकलं मी. सवाष्णीच पाहिजेत म्हणाला होतात. मायनं कसली बी साडी पाठवली असती, तरी तिला मागंच उभं राहावं लागलं असतं. शंभर किलोमीटर येऊन, सोताच्या लेकीच्या ओटीला, बायकांच्या मागं."

रस्त्यावरून भाजीची गाडी ओरडत गेली.

महादेवप्पा उठले. "डोळ्याचं मला सांगता आलं, तुळजाक्का. ह्याच्या पुढचं तुमचं तुम्ही बगा," एवढं म्हणून ते घरी गेले.

तुळजाबाई देवघरात जाऊन बसल्या. दिवे लावायची वेळ झाली नव्हती, तरी बसल्या. खरं तेच पोर बोलली होती! सोमवारीच ठरलं होतं. साडी पाठवणारी कोण, हे त्यांच्या मनात आधी होतं आणि साडी नंतर आली. रंग कुणालाही चुकून वेगळा दिसेल, त्याचा दोष नाही. पण बाई विधवा आहे म्हटल्यावर तिच्या हातून पांढरंच येणार, हे मानायला आपल्याला क्षणही लागला नाही. हिरवंही असू शकेल, अशी शंकासुद्धा आली नाही. त्यांना आठवलं, रुक्मिणबाईंनी लेकीच्या लग्नात मंडपाच्या कडेला उभं राहून अक्षता टाकल्या होत्या. त्यांना कुणी पुढं बोलावलं नव्हतं. आपणही नाही. नऊ वर्षं जिनं बापाचं आणि आईचं दोन्ही काम केलं, तिचा हात अशुभ आणि ज्या चुलतीनं या पोरीला कधी वेणी घालून दिली नाही, तिचा हात शुभ? देवाला हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

सगळी व्रतं त्यांनी नीट पाळली होती. एवढं एक माणूस मात्र नीट पाहिलं नव्हतं.

त्या बाहेर आल्या. दीपमालाजवळ बसल्या. सुनेच्या डोक्यावरून हात फिरवताना त्यांना शब्द जुळवावे लागले.

"दीपे, शुक्रवारी तुझी पहिली ओटी तुझी मायच भरल. तिच्यानंतर मी. मग बाकीच्या. मी सोता जाऊन तिला घेऊन येते. हा माझा शब्द."

दीपमालानं वर पाहिलं. इतका वेळ रोखून धरलेलं पाणी आता डोळ्यांतून वाहिलं.

"अक्का!" उमादेवी म्हणाली. "आवो, लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे कोण गं? तू अन् मीच ना?"

उमादेवी उठली, झाकलेलं ताट आणलं, भाकरी गरम केली आणि दीपमालासमोर ठेवली. "खा बाई. तुपल्या माईला उद्या तोंड कसं दाखवू मी? घडी उचलून दिली म्हणले मी."

"ते तुम्ही फक्त इथंच म्हणलात, काकू. ग्रुपवर न्हाई."

"देवाची कृपा," उमादेवी म्हणाली, आणि तिघी पहिल्यांदा हसल्या.

संध्याकाळी आदिनाथ आला तेव्हा त्याला सगळं समजलं. तो म्हणाला, "आई, मी सासूबाईंना परत ग्रुपात घेतो. तू एक व्हॉइस मेसेज टाक."

तुळजाबाईंनी मोबाइल घेतला आणि ग्रुपवर एवढंच बोलल्या, "दुपारी मी इहीणबाईंना जे बोलले ते चुकीचं बोलले. सगळ्यांच्या देखत बोलले, म्हणून सगळ्यांच्या देखत सांगते." मग मोबाइल मुलाच्या हातात परत दिला. "हे बाकीच्यांसाठी. तिच्याशी फोनवर बोलायचं न्हाई मला. फोनवर बिघडलंय ते फोनवर नीट व्हायचं न्हाई."

"निदान विचारू तरी, साडी नक्की कोणत्या रंगाची..."

"नको," तुळजाबाई म्हणाल्या. "रंग कोणता का असंना. आधी विचारलं, तर तो रंग बघून गेले असं होईल."

वाचकहो, आपल्या घराघरांत रोज असे फोटो येतात. साडीचे येतात, माणसांचे येतात, कुणाच्या वागण्याचे, कुणाच्या बोलण्याचेही येतात. एकच गोष्ट दोघांना दोन रंगांची दिसते आणि दोघेही खरेच असतात. डोळा उजेडाचा अंदाज बांधतो, तसं मन माणसाचा बांधतं. डोळ्याचा अंदाज चुकला तर साडीचा रंग चुकतो. मनाचा चुकला तर एखादी आई लेकीच्या ओटीपासून दूर राहते. म्हणून आपल्याला दिसलं तेच खरं, असं धरून बोलायच्या आधी समोरच्याला काय दिसतंय ते विचारावं. आणि ज्या बाईचं कपाळ आपण मोकळं केलं, तिच्या हातालाही आपण अशुभ ठरवलं आहे का, हे एकदा आपापल्या देवासमोर बसून प्रत्येकीनं स्वतःला विचारावं. तिचा नवरा गेला, त्यात तिचा गुन्हा तो कोणता?

गुरुवारी तुळजाबाईंनी नेहमीपेक्षा लवकर अध्याय वाचला. महादेवाला बेल वाहिला. पिशवीत नारळ ठेवला, खणाचं कापड ठेवलं, तांदळाची पुडी ठेवली. मग देव्हाऱ्यापुढचा हळदी-कुंकवाचा चांदीचा करंडा उचलला, पदराला पुसला आणि तोही पिशवीत ठेवला.

दीपमाला दारात उभी होती. तिनं ते पाहिलं. "आत्या, कुंकू? मायला?"

"आवतण बिनकुंकवाचं देतात का?"

"अन् तिनं न्हाई म्हणलं तर? ती घाबरंल."

"तर मी बसून राहीन तिच्या पायरीवर. मला कुठं घाई हाय?" तुळजाबाई चपला घालत म्हणाल्या. "तू वेळेवर जेव."

उमादेवी आतून ओरडली, "अक्का, मुखेडची गाडी साडेआठला हाय! जांबपर्यंत उभं राहावं लागल!"

"राहीन," तुळजाबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी छातीशी धरली, आतला करंडा उलटू नये म्हणून खालून एक हात लावला, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात त्या बसस्टँडच्या वाटेला लागल्या.